बिनतारी माजघर

'तार' हा शब्द आमच्या पिढीने दोन्ही अर्थांनी अनुभवला आहे. एक तार वाळवणाची, कुंपणाची आणि विजेची. ती दिसते, हाताला लागते, तुटली तर जोडता येते. दुसरी तार टपालखात्याची. 'तार आली' एवढे दोन शब्द कानी पडले की चुलीपुढची बाई हातातले काम टाकून उठे. आनंदाच्या तारा येत नसत असे नव्हे. परंतु लखोटा फोडून होईपर्यंत घरातल्या कोणाच्याही जिवात जीव नसे. ही दुसरी तार जुलै २०१३ मध्ये सरकारने कायमची बंद केली. दीडशे वर्षांहून अधिक काळ या देशाला सुखदुःख कळविणारी सेवा गेली, आणि आता पहिली तारही घराघरातून हळूहळू हद्दपार होत आहे. फोनला तार नाही, आकाशवाणीच्या यंत्राला तर ती कधीच नव्हती, आणि गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या माजघरातल्या संगणकालाही ती उरलेली नाही.

आम्ही राहतो तो भाग दोन भाषांचा. दिवसा शाळेची टिपणे कानडीत जातात, वर्गातला धडा मराठीत चालतो, आणि बाजारात माणसाचे तोंड पाहून भाषा ठरते. त्यामुळे कोणतीही नवी वस्तू आली की ती दोन नावे घेऊन येते. आपण ज्याला 'बिनतारी' म्हणतो त्याला कानडीत 'निस्तंतु' हा शब्द आहे. कानडीने संस्कृतातला तंतू घेतला, मराठीने रोजच्या बोलण्यातली तार ठेवली. आमच्या संगणकाला आपण 'संगणक' म्हणतो, कानडी शेजारी त्याला 'गणकयंत्र' म्हणतात. मराठीच्या विद्यार्थ्याला अशा जोड्या जमविण्याचा छंद असतो. आम्हांला तो वडिलांकडून आला. आणि या लेखाचे खरे कारणही त्या छंदातच आहे.

आमचे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. हिशेबाच्या खतावण्या मिटल्या की ते आपली वेगळी वही उघडीत. वखारीत येणारा शेतकरी, गाडीवान, हमाल, जर्दा चाळणाऱ्या बायका यांच्या तोंडून ऐकलेला शब्द ते त्या वहीत उतरवीत आणि पुढे ज्याच्याकडून ऐकला त्याचे गाव लिहीत. अशा अकरा वह्या त्यांनी भरल्या. अर्थ मात्र त्यांनी बहुतेक ठिकाणी लिहिले नाहीत. त्यांना ते ठाऊकच होते; निवृत्तीनंतर सावकाश लिहू, असा त्यांचा विचार असावा. तो सावकाशपणा त्यांच्या वाट्याला आला नाही. वह्या राहिल्या, शब्द राहिले, अर्थ सांगणारा माणूस गेला.

आता त्या शब्दांचे अर्थ सांगू शकेल असे आमच्या घरात एकच माणूस आहे, ते म्हणजे आमच्या मातोश्री. त्यांचे वय शहाऐंशी. त्या शेतकऱ्याच्या घरातल्या. खुडणीपासून मळणीपर्यंत सारे त्यांनी हाताने केलेले. 'तरवा' म्हणजे काय, हे त्या पापणी लवायच्या आत सांगतात: लावणीसाठी दाट पेरून वाढविलेली रोपे. 'कुरी' म्हटले की त्या हसतात. वरच्या मुलखात जिला पाभर म्हणतात ती पेरणीची अवजारी आमच्याकडे कुरी. कानडीत तिलाच 'कूरिगे' म्हणतात. भाषेच्या अभ्यासकांनी तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा असे कितीतरी शब्द कानडी आणि मराठी यांच्या सामाईक शिदोरीत मोजलेले आहेत. परंतु कोशात न शिरलेले, नांगराच्या तासातच राहिलेले शब्द त्याहून अधिक असतील असे आम्हांला वडिलांच्या वह्या चाळताना वाटते.

आमची कन्या बेंगळूरुला असते. संगणकाच्या क्षेत्रातच तिची नोकरी. वह्यांतील शब्द आम्ही टंकित करावेत, आजीने अर्थ सांगावेत, आणि तिने ते तिथे बसून नीट नोंदवावेत, अशी योजना तिनेच आखली. अडचण एवढीच की आजी बोलतात त्याहून अधिक हातांनी सांगतात. कुरीच्या चाड्यावर मूठ कशी धरायची, दोन बोटांच्या फटीतून दाणा कसा सोडायचा, हे शब्दांत सांगायला त्या लागल्या की त्यांची मूठ आपोआप वळते. 'चाड्यावर मूठ' हा वाक्प्रचार आम्ही वर्षानुवर्षे शिकविला. ती मूठ मात्र आईच्या हातातच पाहिली. तेव्हा आजीचा हात नातीला दिसला पाहिजे, आणि नातीचा चेहरा आजीला. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना काही गवसत नाही. घरात मोठ्या पडद्याचा टेबलावरचा संगणक होता. तो मुलांच्या शिक्षणासाठी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला. तो चालू स्थितीत होता, पण बाहेरच्या सोप्यात होता, कारण इंटरनेटची तार सोप्यापर्यंतच आलेली आहे.

आणि आई सोप्यात येत नाही. येऊ शकत नाही. तिचा पलंग माजघरात आहे, आणि पलंगापासून मोरीपर्यंत व मोरीपासून देवघरापर्यंत एवढीच तिची आता पृथ्वीप्रदक्षिणा. मग संगणकच माजघरात न्यावा हे ठरले. सोप्यातून माजघरात तार ओढायची तर ती उंबऱ्यावरून जाणार. ज्या बाईचे पाऊल आता उचलत नाही, नुसते सरकते, तिच्या वाटेत तार टाकणे म्हणजे मांडीचे हाड मोडण्याचे निमंत्रणच. भिंतीला भोक पाडावे तर भिंत दीड हात जाडीची, दगड-मातीची. एका बाजूने छिन्नी लावली की दुसऱ्या बाजूचे किती ढासळेल याचा नेम नाही. तक्तपोशीवरून तार न्यावी तर तिथे उंदरांचे संस्थान आहे. सर्व वाटा बंद झाल्या तेव्हा बिनतारीची वाट मोकळी दिसली.

आमचा एक जुना विद्यार्थी गावात संगणकदुरुस्तीचे दुकान चालवितो. त्याने सांगितले, "सर, नवा संगणक घेऊ नका. यात एक बिनतारी कार्ड बसवू. काम दहा मिनिटांचं आहे. मी येतो, पण स्क्रू तुम्हीच काढा, म्हणजे पुढच्या वेळी माझी वाट बघायला नको." शिष्याने गुरूला असे शिकवावे यात आम्हांला धन्यता वाटली. ज्या वाचकांच्या घरी असाच जुना पण धडधाकट संगणक कोपऱ्यात धूळ खात पडला असेल त्यांच्यासाठी ती कृती येथे थोडक्यात देतो.

प्रथम संगणक रीतसर बंद करावा आणि विजेची पिन भिंतीतून काढून घ्यावी. मग चालू करण्याचे बटण एकवार दाबून धरावे, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. पेटीचे एका बाजूचे झाकण मागच्या दोन स्क्रूंनी बसविलेले असते. ते काढून सरकविले की आतला संसार उघडा पडतो. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करावा. आपल्या अंगावर साचलेली स्थिर वीज, जी थंडीत लोकरी कपडे काढताना चटचट वाजते तीच, नाजूक भागांना मारक ठरू शकते. मुख्य पाटीवर लांब-आखूड अशा काही खाचा दिसतात. त्यांतली जेमतेम इंचभर लांबीची खाच बहुतेक बिनतारी कार्डांसाठी चालते. तिला 'पीसीआय एक्सप्रेस'ची लहान खाच म्हणतात. २००४ च्या आधीच्या संगणकांत ही खाच बहुधा नसते, तेथे वेगळे कार्ड लागते. म्हणून विकत घेण्यापूर्वी झाकण उघडून पाहणे इष्ट. पेटी अरुंद असेल तर कार्डाची धातूची पट्टीही आखूड लागते. खाचेसमोरची पत्र्याची पट्टी काढावी, कार्ड दोन्ही कडांनी धरून सरळ, सारख्या जोराने दाबावे, आणि ते नीट बसले की स्क्रू आवळावा. मागे बाहेर आलेल्या दोन पितळी तोंडांवर अँटेना फिरवून बसवाव्यात. कार्डात ब्लूटूथची सोय असेल तर त्याची एक बारीक वायर आत मुख्य पाटीवरच्या यूएसबीच्या पिनांना जोडावी लागते. ती विसरली तर इंटरनेट चालते पण ब्लूटूथ मुके राहते. ज्यांना पेटी उघडायचीच नाही त्यांच्यासाठी बाहेरून यूएसबीत खोचण्याचे अंगठ्याएवढे यंत्रही मिळते. संगणक एखाद्या कोपऱ्यात कोंबलेला असेल तर कार्डाच्या मोठ्या अँटेना अधिक उपयोगी पडतात.

येथवर सारे सुतारकाम झाले. यानंतर भाषेचा प्रश्न आला. संगणक चालू केल्यावर कोणी नवा आला आहे हे त्याला कळले, पण त्याच्याशी काय बोलावे हे कळेना. नव्या भागाशी संवाद साधून देणाऱ्या आज्ञावलीला 'ड्रायव्हर' म्हणतात. आम्ही तिला 'दुभाष्या' म्हणू. दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेला अधिकारी आणि आमच्याकडचा शेतकरी समोरासमोर उभे राहिले की मध्ये एखादा शिपाई किंवा शिक्षक लागतो, तसेच हे. गंमत अशी की हा दुभाष्या इंटरनेटवरून आणावा लागतो, आणि इंटरनेट तर त्याच्यावाचून येत नाही. आमच्या शिष्याने फोन तारेने संगणकाला जोडला, फोनच्या इंटरनेटवरून दुभाष्या उतरवून घेतला, आणि मग फोन काढून टाकला. बिनतारी होण्यासाठी क्षणभर तरी तारेचे बोट धरावे लागले.

मग परवलीचा शब्द. पूर्वी किल्ल्याच्या दारावर विचारीत तो. आम्ही वडिलांच्या वहीतला एक शब्द निवडला, जो निपाणी-चिकोडीच्या बाहेर फारसा कोणाला ठाऊक नसावा, आणि त्याला काही आकडे जोडले. आईला तो सांगितला तेव्हा ती म्हणाली, "ह्यो शबूद आता कोण चोरतंय?" तिच्या बोलण्यात विनोद होता, आणि दुःखही होते.

संगणक माजघरात गेला. पण पहिल्या दिवशी नातीचा चेहरा मधूनच गोठू लागला. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घरातल्या बिनतारी यंत्रणेच्या लहरी सामान्यतः दोन पट्ट्यांत चालतात: एक २.४ गिगाहर्ट्झची, दुसरी ५ गिगाहर्ट्झची. पहिलीची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित मोठी. दुसरीची तिच्या निम्मी. आखूड लहर वेगाने अधिक मजकूर वाहते, पण भिंतीत लवकर दमते. लांब लहर सावकाश चालते, परंतु भिंत ओलांडण्यात चिवट असते. दीड हात जाड भिंतीच्या घरात दुसऱ्या पट्टीचा वेग काय कामाचा? आम्ही पहिली पट्टी धरली. शिवाय माजघरात आईचे लोखंडी कपाट आहे. लहरी दगडातून थोड्याबहुत पार होतात, लोखंडाच्या पत्र्यावरून मात्र परततात. कपाट हलविणे शक्य नव्हते, कारण त्यात आईचा सारा जन्म आहे. तेव्हा लांब वायरची अँटेना आणून ती फडताळाच्या माथ्यावर ठेवली. तेथून सोप्याचे दार सरळ रेषेत दिसते. नातीचा चेहरा स्थिर झाला.

भिंतीतून लहरी जातात हे आपल्याकडे फार पूर्वी सिद्ध झालेले आहे. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी नायब राज्यपालांच्या समक्ष भिंतींपलीकडे बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू उडवून दाखविली. त्यांनी ज्या अतिशय आखूड लहरींवर काम केले, त्यांच्या जातीच्या लहरी आज पुन्हा उपयोगात येत आहेत. संगणक एकमेकांना बिनतारी जोडण्याचा पहिला मोठा प्रयोग १९७१ साली हवाई बेटांवर झाला. तेथे बेटाबेटांमध्ये समुद्र होता. तार टाकणे महाग, म्हणून हवेचा आश्रय घेतला गेला. अडचणीतूनच वाट निघते हे येथेही खरे ठरले. १९९७ साली या यंत्रणेचे पहिले मानक निघाले तेव्हा तिचा वेग सेकंदाला अवघा दोन मेगाबिट होता. 'वायफाय' हे नाव त्यानंतर दोन वर्षांनी आले.

शाळेतली मुले विचारतात, "सर, एकाच हवेत इतके जण बोलतात, तर गोंधळ कसा होत नाही?" आम्ही त्यांना वर्गाचेच उदाहरण देतो. या यंत्रांचा नियम असा: बोलण्यापूर्वी ऐकावे, कोणी बोलत असेल तर थांबावे, शांतता झाली तरी लगेच तोंड न उघडता प्रत्येकाने थोडा वेळ, कमीअधिक, वाट पाहावी, म्हणजे दोघे एकदम बोलणार नाहीत. पलीकडून पोच आली नाही तर पुन्हा सांगावे. यंत्रांनी पाळलेला हा नियम सभांतून कोणी पाळत नाही, ही गोष्ट आम्ही मुलांना सांगत नाही. ती त्यांना मोठेपणी कळेलच.

हवेवर हक्क कोणाचा, हा प्रश्नही आमच्या पिढीने पाहिला आहे. आमच्या लहानपणी घरी आकाशवाणीचे नुसते ऐकायचे यंत्र ठेवायलाही परवाना लागे. १९३३ च्या कायद्यान्वये तो काढून वडील दरवर्षी टपालकचेरीत त्याचे पैसे भरीत. पुढे तो रद्द झाला. आणि २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्झची पट्टी ठरावीक मर्यादेतल्या शक्तीसाठी परवानामुक्त केली. एकेकाळी ऐकायला परवानगी लागे; आता आमच्या माजघरातले यंत्र परवान्यावाचून बोलते.

तो आकाशवाणीचा संच आठवतो. १९५० पासूनचे धारवाड केंद्र आणि १९६३ पासूनचे सांगली केंद्र, दोन्ही आमच्या घरी लागत. वडील सुईला हलका धक्का देत आणि कानडीतून मराठीत येत. लहरींना सीमा ठाऊक नसते. माणसांनी मात्र त्या हवेतही आखल्या. निपाणीला लागून असलेले देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, कागल तालुक्यातल्या अर्जुननगरला. आमच्या गावची मुले चालत किंवा सायकलवर परराज्यात शिकायला जात आली आहेत. तेथे पोचेपर्यंत त्यांच्या फोनला मात्र आपण परमुलखात आलो असे वाटे, आणि फिरस्तीचा दर लागू होई. २०१५ नंतर ते दर हळूहळू गेले. आता घरातल्या घरात फोन केव्हा या राज्यातला खांब धरतो आणि केव्हा त्या राज्यातला, हे पाहायलाही कोणी थांबत नाही.

लिहिण्याच्या बाबतीत एक समाधान आम्हांला मिळाले, ते सांगण्याजोगे आहे. १९८६ साली ठरविलेल्या 'इनस्क्रिप्ट' या कळफलकात भारतीय लिप्यांतील एकाच ध्वनीला एकच कळ दिलेली आहे. ज्या बोटाने आम्ही दिवसा कानडी 'क' उमटवितो, त्याच बोटाने, त्याच कळेवर, रात्री मराठी 'क' उमटतो. भाषा बदलते ती पडद्यावर. हाताला तिचे भान राहत नाही. आणि युनिकोडमध्ये लिहिलेला शब्द बेंगळूरुच्या संगणकावर जसाच्या तसा उमटतो. वीस वर्षांपूर्वी निरनिराळ्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला की नुसती चित्रलिपी होई. तसे झाले असते तर वडिलांचे शब्द दुसऱ्यांदा हरवले असते.

आता रोज संध्याकाळी, दिवेलागण झाली की, आईच्या पलंगाशेजारी पडदा उजळतो. आम्ही वहीतला शब्द मोठ्याने वाचतो. आई कधी ताबडतोब अर्थ सांगते, कधी डोळे मिटून बसते. पलीकडे कन्या नोंद करते. तिचा सात वर्षांचा मुलगा शाळेत कानडी आणि इंग्रजी बोलतो. मराठी त्याला समजते, पण ओठांवर येत नाही. परवा 'कणगी' शब्द निघाला. आईने दोन्ही हातांनी हवेत एक मोठा गोल काढला आणि वर निमुळता केला. त्या मुलाने पडद्यापलीकडून तसाच गोल काढला आणि विचारले, "पणजी, ह्यात काय ठेवायचं?" प्रश्न मराठीत होता. आई म्हणाली, "जोंधळं, बाळा. वरीसभर पुरतील एवढं." कन्येने ते नोंदविले की नाही, आम्ही पाहिले नाही.

सर्वच शब्द सुटतात असे नाही. काही शब्दांपुढे आई मान हलविते, "हे तुझ्या बापालाच ठावं," म्हणते, आणि आम्ही तेथे कोरी रेघ ओढतो. अकरांपैकी तिसरी वही आता निम्मी झाली आहे. वेगाचा हिशेब आम्ही मनाशी केलेला आहे. तो कोणाला सांगितलेला नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांत, इंदूर-बडोद्यात काय किंवा हैदराबाद-तंजावुरात काय, असा एखादा पलंग असतोच, आणि त्यावर बसलेल्या माणसापाशी कोठेही न छापलेला एखादा कोश असतो. त्या माणसाला यंत्रापर्यंत चालत बोलावू नये. यंत्रच त्याच्यापाशी न्यावे. खर्च फार नाही, मेहनत त्याहून कमी. वाटेत तार येत असेल तर काढून टाकावी. एवढेच पाहावे, की अँटेना कपाटाच्या आड जाऊ नये, आणि संध्याकाळचा वेळ दुसऱ्या कोणत्या कामाच्या आड जाऊ नये.